मॉडेल रेल्वेचे फोटो: कोणती लेन्स, कोणतं सॉफ्टवेअर आणि कोणत्या क्रमाने

एचओ म्हणजे १:८७ स्केलचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन बफरपासून बफरपर्यंत (बफर म्हणजे टोकांचे धक्के झेलणारे दट्टे) जेमतेम २० सें.मी. भरतं. समोरचं तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतील असा त्याचा तिरका फोटो काढला, की बहुतेक वेळा बफर लख्ख येतात आणि मागची केबिन विरघळून जाते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण हे खेळणं आहे एवढं त्याला लगेच कळतं. रुळांलगत उभं राहून खऱ्या इंजिनाचा फोटो काढला तर असं होत नाही. तिथे बफरही स्पष्ट असतो आणि मागचा सिग्नलही.

म्हणून या छंदात लेन्सच्या जाहिरातीतला एफ/१.४ किंवा एफ/१.८ हा आकडा (तो जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) जवळजवळ निरुपयोगी आहे. खर्च करायचाच तर आधी भक्कम ट्रायपॉड, मग एक चांगला दिवा, मग फोकस स्टॅकिंगचं, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो जोडण्याचं, सॉफ्टवेअर आणि शेवटी लेन्स. दुकानदार हा क्रम नेमका उलटा सांगेल.

खोलीचा हिशोब

एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा घ्या, म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसणारे कॅननचे आणि निकॉनचे सुरुवातीचे डीएसएलआर किंवा मिररलेस. फ्रेममध्ये आडवं २३-२४ सें.मी. मावेल इतक्या जवळ गेलात, तर चित्र सेन्सरवर साधारण एक दशांश आकाराचं पडतं. या अंतरावर एफ/२.८ ला मिळणारी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसच्या पुढेमागे स्पष्ट येणारी खोली, सुमारे १२ मि.मी., एफ/८ ला ३५ मि.मी., एफ/१६ ला ७० मि.मी. आणि एफ/२२ ला जेमतेम १० सें.मी. इंजिनाची तिरकी खोली मात्र १६-१७ सें.मी. आहे. थोडक्यात, छिद्र कितीही बारीक केलं तरी एका फोटोत पूर्ण इंजिन स्पष्ट येत नाही.

शिवाय एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच थोडं मऊ पडतं. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/८ ते एफ/११ हा सर्वात धारदार पट्टा. तिथेच राहायचं आणि खोली स्टॅकिंगने मिळवायची. म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग सॉफ्टवेअरने एकत्र करायचा.

एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, दुखणं आणखी वाढतं. तेच इंजिन तिथे पावणेअकरा सें.मी.चं. फ्रेम भरायला दुप्पट जवळ जावं लागतं आणि एफ/८ ला जेमतेम एक सें.मी. खोली उरते. फुल फ्रेम कॅमेऱ्याने यात मदत होत नाही, उलट खोली कमी होते. सेन्सर जितका लहान तितकी खोली जास्त, त्यामुळे मोबाइलचे फोटो इथे अनपेक्षितपणे बरे येतात.

किती लांबून काढायचा

लेन्स किती मि.मी.ची घ्यावी हे ठरवायची सोपी रीत आहे. खऱ्या गाडीचा असा फोटो आपण किती लांबून काढला असता, ते अंतर ८७ ने भागा. तीस मीटरचे ३४ सें.मी. होतात. कॅमेरा मॉडेलपासून तेवढ्या अंतरावर ठेवला की पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-लांबच्या वस्तूंच्या आकारांचं प्रमाण, खऱ्यासारखं येतं, कारण पर्स्पेक्टिव्ह अंतरावर ठरतं, लेन्सवर नाही. लेन्स फक्त फ्रेम किती रुंद ते ठरवते.

वर सांगितलेली फ्रेम धरली तर १८ मि.मी.ला कॅमेरा मॉडेलपासून सुमारे २० सें.मी.वर येतो, म्हणजे खऱ्या जगातले १७ मीटर. ३५ मि.मी.ला ३८-३९ सें.मी., म्हणजे ३३ मीटर. ६० मि.मी.ला ६६ सें.मी., म्हणजे ५७ मीटर. १०० मि.मी.ची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) लावलीत तर ११० सें.मी. मागे जावं लागतं, म्हणजे जवळपास शंभर मीटर. प्लॅटफॉर्मच्या टोकावरून झूम करून काढलेल्या फोटोसारखी गाडी दाबलेली, डबे एकमेकांना चिकटलेले. कधी कधी तेच हवं असतं. वळणावरची लांब मालगाडी अशीच शोभते. पण स्टेशनात उभं राहून गाडी पाहतोय असं वाटायला हवं असेल तर २० ते ३५ मि.मी.चा पट्टा उत्तम.

कोणती लेन्स

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ आधी नीट वापरून बघा. कॅनन आणि निकॉन दोघांच्याही अलीकडच्या डीएसएलआरच्या १८-५५ लेन्स २५ सें.मी.पर्यंत फोकस होतात आणि ५५ च्या टोकाला फ्रेममध्ये फक्त सहा ते नऊ सें.मी. रुंदी मावते. एचओला एवढं पुरून उरतं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. किमान फोकस अंतर लेन्सच्या तोंडापासून नव्हे, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, ती सेन्सरची जागा. २५ सें.मी.तून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली की हाताशी दहा-बारा सें.मी.च उरतात आणि त्यात लेन्सची सावली मॉडेलवर पडते.

मॅक्रो घ्यायचीच असेल तर छोट्या फोकल लेंग्थची बघा. कॅनन ईएफ-एस ३५ मि.मी. एफ/२.८ मॅक्रोला तोंडापाशी स्वतःचा एलईडी आहे. जवळून काढताना सावली घालवायला तो उपयोगी पडतो, मात्र मुख्य उजेड म्हणून वापरला तर चित्र सपाट होतं. निकॉनची ४० मि.मी. डीएक्स मायक्रो आणि सोनीची ३० मि.मी. मॅक्रो याच जातीच्या. ९० ते १०५ मि.मी.च्या मॅक्रो लेन्स उत्कृष्ट असतात, पण त्यांचा खरा उपयोग नंबरप्लेट, बोगी, पेंटोग्राफ (छपरावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) अशा तपशिलांसाठी, किंवा जिथे जवळ जाताच येत नाही तिथे. प्रदर्शनात किंवा पुण्यात कोथरूडला असलेल्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणी लेआउटमध्ये, म्हणजे रूळ-स्टेशनांच्या मांडणीत, कॅमेरा ठेवता येत नाही. तिथे ही लेन्स हवी. ट्रायपॉड चालेल का, हे मात्र आधी विचारून घ्या.

जुनी ५० मि.मी. एफ/१.८ पडून असेल तर तीही चालते. तिच्यामागे एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, त्यातली गोम कोणी सांगत नाही. ५० मि.मी.ला १२ मि.मी.ची ट्यूब लावली की लेन्स साधारण २६ सें.मी.च्या पलीकडे फोकसच होत नाही. इंजिन स्पष्ट येईल, पण मागचं स्टेशन आणि डोंगर कितीही फोटो जोडले तरी धूसरच राहतील. आणि १८ मि.मी.ला तीच ट्यूब लावली तर फोकस लेन्सच्या काचेच्या आसपास येऊन बसतो.

वेगळ्या वर्गातली एक लेन्स म्हणजे लाओवाची २४ मि.मी. एफ/१४ प्रोब. सुमारे ४० सें.मी. लांब नळी, तोंडाचा व्यास फक्त २० मि.मी. बोगद्यात, पादचारी पुलाखाली, दोन गाड्यांच्या मधे सहज जाते. एफ/१४ असल्यामुळे उजेड मात्र भरपूर लागतो. विकत घेण्याऐवजी दोन दिवस भाड्याने आणणं शहाणपणाचं.

उंची: फोटो इथे सर्वात जास्त वेळा फसतो

माणसाची नजर जमिनीपासून १६० सें.मी.वर धरली तर एचओमध्ये ती १८ मि.मी. होते आणि एनमध्ये फक्त १० मि.मी. डीएसएलआर बेसबोर्डवर नुसता टेकवला तरी लेन्सचा मध्य चार सें.मी. वर असतो, म्हणजे खऱ्या जगात साडेतीन मीटर. पादचारी पुलाच्या अर्ध्या जिन्यावरून पाहिल्यासारखं दृश्य येतं आणि डब्यांची छपरं दिसायला लागतात.

यावर साधा उपाय म्हणजे कॅमेरा बोर्डच्या बाहेर ट्रायपॉडवर ठेवणं. बॉडी बोर्डच्या पातळीखाली आणि लेन्सचा मध्य रुळांच्या दीड-दोन सें.मी. वर. त्यासाठी रूळ कडेपासून वीस-पंचवीस सें.मी.च्या आत हवेत. फोटोसाठी म्हणून वेगळा डायोरामा, म्हणजे छोटा देखावा, करणार असाल तर तो मुद्दाम ३० सें.मी. खोलीचाच करा.

मोबाइल असेल तर तो उलटा धरा. लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, उलटा केला की ती बोर्डपासून दीड सें.मी.वर येते आणि फोन थेट रुळांच्या मधेही उभा राहतो. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो पेंटोग्राफ आणि ओएचईच्या, म्हणजे रुळांवरून जाणाऱ्या विजेच्या, तारा कापून टाकतो. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे फुकट ॲप अनेक फोनवर फोकस ब्रॅकेटिंग करून देतं, म्हणजे फोकस सरकवत ओळीने फोटो आपोआप काढतं. शक्य असेल तर रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल घ्या, कारण फोनने आधीच धार लावलेले फोटो जोडताना कडांना पांढऱ्या रेघा येतात.

कॅमेरा जाणारच नाही अशा जागी जुनी युक्ती आहे: लेआउटमध्ये ४५ अंशांत छोटा आरसा ठेवायचा, त्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो काढायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये आडवा उलटवायचा. आरसा समोरून मुलामा दिलेलाच हवा. घरातल्या आरशाचा मुलामा काचेमागे असल्याने दुहेरी चित्र येतं.

कोनाबद्दल आणखी एक, खास भारतीय गाड्यांचं. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी., म्हणजे एचओमध्ये १९.३ मि.मी. हवा. मॉडेल मात्र बहुतेक १६.५ मि.मी.च्या रुळांवर धावतात, कारण ते स्टँडर्ड गेजचं माप आहे. अगदी समोरून, खालून काढलेल्या फोटोत रुंद इंजिन अरुंद पायांवर उभं असल्यासारखं दिसतं. तिरक्या कोनात हा फरक लपतो.

उजेड

सूर्य एकच असतो, म्हणून ठळक सावली पाडणारा दिवाही एकच. ५००० ते ५५०० केल्व्हिनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी मॉडेलपासून मीटर-दीड मीटर लांब आणि वर ठेवा. जवळ ठेवला तर सावल्या पंख्यासारख्या पसरतात आणि गोष्ट उघड होते. समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट धरून सावलीची बाजू थोडी उजळवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की ते नंतर वेगळे करता येत नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर अर्ध्या सेकंदापेक्षा लांब ठेवलं की ही कटकट संपते.

फोटो काढताना

सीलिंग फॅन बंद. हे हास्यास्पद वाटेल, पण पंख्याच्या वाऱ्याने झाडं आणि तारा हलतात आणि जोडलेल्या फोटोत प्रत्येक तार तिहेरी दिसते. मग मॉडेल साफ करा, मऊ ब्रशने आणि हवेच्या रबरी फुग्याने. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब रंगावर बसतात. प्रत्येक चाक रुळावर आहे का ते बॅटरीच्या उजेडात बघा. उतरलेलं एक चाक डोळ्याला दिसत नाही, स्क्रीनवर मात्र पहिलं तेच दिसतं.

१. कॅमेरा मॅन्युअलवर: आयएसओ १००, एफ/८, शटर अर्धा ते दोन सेकंद, व्हाइट बॅलन्स ठरावीक, फाइल रॉ. ऑटो आयएसओ आणि कॅमेऱ्यातले उजेड सुधारणारे सगळे पर्याय बंद. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद.

२. एका फोटोत ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरायचा राखाडी पुठ्ठा) इंजिनाशेजारी ठेवून घ्या.

३. एक्स्पोजर फिकट रंगावर जुळवा. डब्ल्यूएपी-७ चा पांढरा रंग एकदा जळाला की परत मिळत नाही. लाल रंगाच्या इंजिनात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, लाल आधी संपतो.

४. फ्रेम हवी त्यापेक्षा दहा टक्के सैल ठेवा. फोकस सरकताना चित्राचा आकार किंचित बदलतो आणि जोडल्यावर कडा कापाव्या लागतात.

५. लाइव्ह व्ह्यू मोठा करून सर्वात पुढच्या वस्तूवर फोकस करा. ती बहुतेकदा इंजिन नसते, पुढची खडी किंवा गवत असतं. मग रिंग सारख्या छोट्या टप्प्यांनी फिरवत शेवटी बॅकड्रॉपपर्यंत जा. दर वेळी दोन सेकंदांचा टायमर लावा, लाकडी बोर्ड स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

एचओ इंजिनाच्या तिरक्या फोटोला दहा-बारा फोटो, एन स्केलला पंधरा ते वीस. मागचं दृश्यही हवं असेल तर आणखी पाच-सहा. कमी पडले तर इंजिनाच्या अंगावर धूसर पट्टे दिसतात आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत. जास्त झाले तर फक्त वेळ जातो. कॅनन ईओएस आरपी, फुजीफिल्म एक्स-टी३, ऑलिंपसचे अनेक कॅमेरे फोकस ब्रॅकेटिंग स्वतः करतात. जुन्या डीएसएलआरला विंडोज लॅपटॉप जोडून डिजिकॅमकंट्रोल हे फुकट सॉफ्टवेअर तेच काम करतं. या आकाराच्या विषयाला फोकसिंग रेल, म्हणजे कॅमेरा पुढेमागे सरकवायची पट्टी, घेऊ नका. कॅमेराच पुढे सरकला तर पर्स्पेक्टिव्ह बदलतं.

६. हेडलाइट चालू दाखवायचा असेल तर सगळे फोटो दिवा बंद ठेवून काढा. शेवटी खोली अंधारी करून, दिवा लावून, कमी वेळेचा एक वेगळा फोटो घ्या.

गाडी धावती दाखवायची तर स्टॅकिंग नाही, एकच फोटो. ताशी ६० कि.मी. म्हणजे एचओमध्ये सेकंदाला १९ सें.मी. पाव सेकंदाच्या शटरला गाडी पावणेपाच सें.मी. सरकते. तेवढी धूसर रेघ बहुतेक दृश्यांना पुरेशी आहे.

स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर

आधी रॉ फाइल उघडा. लाइटरूम असेल तर उत्तम, नसेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट आहेत आणि या कामात कुठेही कमी पडत नाहीत. ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स घ्या, तेच सेटिंग सगळ्या फोटोंना लावा, शार्पनिंग आणि क्लॅरिटी शून्यावर आणा आणि १६ बिट टिफ काढा. २४ मेगापिक्सेलची एक टिफ सुमारे १४४ एमबी, म्हणजे पंधरा फोटोंचे दोन जीबीहून जास्त. संगणकाला ८ जीबी रॅम असेल तर इतर सगळं बंद करून बसा, १६ असेल तर निवांत. एकटं लाइटरूम फोकस स्टॅकिंग करत नाही, हे सबस्क्रिप्शन घेण्याआधी माहीत असू द्या.

फोटोशॉपमध्ये सगळे फोटो लेयर म्हणून उघडायचे, ऑटो-अलाइन लेयर्स, मग ऑटो-ब्लेंड लेयर्समध्ये स्टॅक इमेजेस. एकट्या इंजिनाला हे पुरतं. सिग्नलचे खांब, कुंपण, तारा आल्या की गडबडतं आणि चूक सुधारायला मास्क हाताने रंगवावे लागतात. ॲफिनिटीमधलं फोकस मर्ज इथे जास्त सोयीचं. जोडल्यावर एखाद्या मूळ फोटोतला भाग ब्रशने थेट आणता येतो.

हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही खास याच कामाची. दोन्हींची ३० दिवसांची चाचणी मिळते, त्यामुळे दोन्ही आपल्याच फोटोंवर चालवून बघा. त्यांच्या पद्धती समजल्या की अर्धं काम झालं. हेलिकॉनची बी आणि झेरीनची डीमॅप कोणता भाग किती खोल आहे याचा नकाशा बनवतात. इंजिनाची सपाट बाजू, रंग, चकाकी यांना या उत्तम. पण पुढच्या खांबामागून लांबची गाडी दिसत असेल तर खांबाभोवती धूसर वलय येतं. हेलिकॉनची सी आणि झेरीनची पीमॅक्स तारा, जाळी, एकमेकांवरून जाणाऱ्या काठ्या नीट सांभाळतात. त्यांची किंमत म्हणजे वाढलेला कॉन्ट्रास्ट आणि दाणेदारपणा, आकाशात तो लगेच दिसतो.

ओएचई असलेल्या दृश्यात एकाच पद्धतीचा हट्ट धरू नका. दोन्ही काढा, बी किंवा डीमॅप खाली ठेवा, तारा आणि खांब तेवढे दुसऱ्यातून वर आणा. बी वापरताना रेडियस तीन-चारपर्यंत खाली आणला तर बारीक वस्तूंभोवतीचं वलय बरंच कमी होतं.

काहीच खर्च करायचा नसेल तर ह्यूगिनबरोबर येणारी अलाइन इमेज स्टॅक आणि एनफ्यूज ही जोडी आहे. बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात. एनफ्यूजला एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचं वजन शून्य, कॉन्ट्रास्टचं वजन १ आणि हार्ड मास्क चालू, हे सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर ते एक्स्पोजर मिसळायला बसतं आणि सगळं चित्र धुक्यात जातं.

जोडल्यानंतर

पहिलं काम १०० टक्के झूम करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरणं. खांबांच्या कडा, हँडरेल आणि कपलिंग, चुका इथेच लपतात. मूळ फोटोतून दुरुस्त करा, क्लोन ब्रशने नंतर. धूळ हीलिंग ब्रशने काढा. प्लास्टिकच्या साच्याची रेघ छपरावरून जात असेल तर तीही.

आकाश बदलायचं असेल तर तयारी फोटो काढतानाच हवी. मागे फिकट राखाडी किंवा निळा कार्डशीट निदान ३० सें.मी. लांब लावा. एकेक तार निवडत बसू नका. आकाशाचा फोटो वर ठेवून ब्लेंड मोड मल्टिप्लाय करा, गडद तारा आपोआप शाबूत राहतात. इंजिनावर आणि जमिनीवर मात्र मास्क हवा. क्षितिजाची रेघ लेन्सच्याच उंचीवर यायला हवी, आणि ढगांवरचा उजेड इंजिनावर पडलेल्या उजेडाच्याच बाजूचा. आकाश कितीही सुंदर असलं तरी या दोनपैकी एक चुकलं की फोटो पडतो.

हेडलाइटचा अंधारातला फोटो सर्वात वर ठेवून ब्लेंड मोड स्क्रीन करा. त्याची ओपॅसिटी कमी-जास्त करून दिवा हवा तेवढा ठेवता येतो. लांबच्या भागाचा कॉन्ट्रास्ट किंचित उतरवा. खऱ्या जगात दोनशे मीटरवर हवेची धूळ असते, लेआउटवर नसते. धूर घालायचा मोह झाला तर पातळच घाला.

शार्पनिंग सर्वात शेवटी आणि आकार लहान केल्यावर. इंटरनेटसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंगांसाठी एसआरजीबी हा पर्याय. मूळ रॉ आणि अंतिम १६ बिट फाइल जपून ठेवा, मधल्या टिफ काढून टाका. चार-पाच दृश्यांतच त्या डिस्कचे दहा जीबी खातात.